दाखवण्यापुरती मांडलेली खोली

घर विकताना मला कोणी विचारलं नाही, असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. धाकट्या भावानं पुण्याहून फोन करून सरळ विचारलं होतं, "ताई, तुला चालेल ना?" आणि मी "चालेल की" म्हणून मोकळी झाले होते. वर त्याला म्हणाले, तू म्हणशील तसं. असं म्हटलं की उद्या काही बिनसलं तर बोट दाखवायला माणूस तयार राहतो.

घर अंबडला. वडील अंकुशनगरला साखर कारखान्यात टाइमकीपर होते. नोकरीभर क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्तीच्या आधी अंबडला हे घर बांधलं. पुढं बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर आणि कडेला झोपायची खोली, तिला लागूनच न्हाणी. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आई तिथं एकटी राहायची. गुडघे गेलेले, एका डोळ्यानं दिसायचं नाही म्हटलं तरी चालेल, पण स्वतःचं स्वतः करायची. मी जालन्याला, पाऊण तासावर. महिन्यातून दोनदा जायचे आणि दर वेळी घाईत असायचे.

आईचं म्हणणं एकच होतं. घर विका, भाड्यानं द्या, काय करायचं ते करा, पण मला पुण्याला नेऊ नका. भावाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. एकदा दीड महिना राहून आली होती आणि आल्यावर आठ दिवस नुसती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होती. "तिथं दिवसभर कुणी दार वाजवत न्हाई," म्हणायची. "वाजलं तरी पार्सलवाला असतो." भाऊ म्हणायचा, सवय होईल. पुण्याला गेल्यापासून त्याचं 'न्हाई'चं 'नाही' झालं, तसं आईचंही काहीतरी होऊन जाईल अशी त्याची समजूत होती.

गिऱ्हाईक आणायचं काम त्यानं जालन्याच्या एका दलालाला दिलं होतं. त्या गृहस्थानं सगळं घर हिंडून पाहिलं, नळ सोडून पाहिले, गच्चीवर जाऊन आला आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर मात्र थबकला. आई तेव्हा ओट्यावर होती म्हणून बरं.

"ताई, घर बराबर आहे," तो म्हणाला. "पण ही खोली दवाखान्यासारखी दिसून राह्यली. गिऱ्हाईक इथूनच माघारी फिरतंय बघा."

मला राग आला. पण त्याच्या मागं उभं राहून मी खोलीकडं पाहिलं आणि तो खोटं बोलत नव्हता. बाम, खोबरेल आणि बंद खिडकीचा मिळून एक वास. टेबलावर गोळ्यांचा डबा, कोपऱ्यात कमोडची खुर्ची, भिंतीवर हार घातलेला वडिलांचा फोटो, आणि भिंतीला लावून नवारीची जुनी बाज. बाजेच्या उशाकडं भिंतीवर आईच्या डोक्याच्या तेलाचा हा एवढा डाग.

त्यानं यादीच सांगितली. बाज काढा, डबल बेड टाका, डोकं दक्षिणेला. फोटो हलवा. कपाट मागं सरकवा, मध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. आजींना त्या दिवशी शेजारी बसवा. "माणसाला वाटलं पाहिजे, इथं आपला पोरगा-सून राहतील," तो म्हणाला. "म्हातारं माणूस दिसलं की त्यांचं मन बसत न्हाई." रात्री भावानं मोबाइलवर एक व्हिडिओही पाठवला. त्यात एक गोरी बाई पलंगावर उशांचा ढीग रचत होती. खाली त्यानं लिहिलं होतं, 'अगदी असं नको, पण साधारण.' खोली मांडणार मी, आणि साधारण काय ते ठरवणार तो.

त्या खोलीची मांडणी मला नीट माहीत होती. आईनं ती वडील गेल्यावर हळूहळू स्वतःच केली होती. बाज अशी, की उठून बसलं की उजवा हात टेबलावर पडावा. टेबलावरून हात सुटला की कपाटाची कड. कपाटापासून कमोडच्या खुर्चीची पाठ, आणि तिथून न्हाणीची चौकट. मध्ये कुठंही हातभरापेक्षा जास्त अंतर नव्हतं. आई दिवा न लावता, कोणाला हाक न मारता, हात टेकत टेकत न्हाणीत जाऊन यायची. पाहुण्यांना ती खोली म्हणजे नुसती अडगळ वाटायची. एकदा मीच टेबल खिडकीखाली सरकवलं तर दुसऱ्या दिवशी फोनवर तिनं मला झापलं होतं.

हे सगळं माहीत असून मी ते दोन तासांत मोडलं.

माझ्या घरचा डबल बेड सुटा करून छोट्या टेम्पोत टाकून गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी अंबडला आणला. माझीच गादी, माझीच चादर, निळ्या फुलांची. टेबल स्वयंपाकघरात गेलं. कमोडची खुर्ची गच्चीवर, वर चवाळं टाकून. कपाट दोन माणसांकडून ढकलून कोपऱ्यात कोंबलं. तेलाच्या डागावर रंगाचे दोन हात मारले, पण तो पुन्हा वर आला, म्हणून त्यावर कॅलेंडर टांगलं. वडिलांचा फोटो मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला, तोंड खाली करून. आई ती रात्र बैठकीत जमिनीवर गादी टाकून झोपली. मला वाटलं, समजूतदार आहे.

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तिला मी शेजारच्या काकूंकडं नेऊन बसवलं. राहिली बाज. गच्चीच्या जिन्यात ती वळेना. शेवटी मी ती अंगणात नेली आणि फाटकाजवळच्या भिंतीला उभी करून ठेवली. तेवढंच अंगण मोकळं दिसेल.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याची बाज उभी करतात. एरवी कोणी करत नाही. लहानपणी खेळायला म्हणून बाज उभी केली तर ज्या हाताशी सापडू त्या हाताचा धपाटा बसायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पंचवीस वर्षं मी बॉक्सच्या पलंगावर झोपते, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त मोकळी जागा होती. उलट लांब उभं राहून मी अंगणाकडं पाहिलं आणि छान झालं म्हणाले.

गिऱ्हाईक कुंभार पिंपळगावकडचं. मुलांच्या शाळेसाठी अंबडला घर घेणारे नवरा-बायको, आणि सोबत नवऱ्याची आई, नऊवारीतली, करड्या नजरेची. पोरगा-सून दलालाच्या मागं आत गेली. म्हातारी फाटकातच थांबली. तिनं बाजेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"कवा गेल्या?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"घरातल्या आजी. तेरावं झालं का? सुतकात घर पाहायला बोलावलं व्हय आमाला?"

"आई आहे," मी म्हणाले. "शेजारी बसलीय. खोली मोकळी करायची होती म्हणून..."

"जित्या माणसाची बाज उभी केलीस?" ती म्हातारी ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. "आधी ती आडवी कर. अन् त्यांना बोलव. मी डोळ्यानं पाहिल्याबिगर आत पाय ठेवायची न्हाई."

आतून बाहेर आलेला दलाल मोबाइलमध्ये तोंड घालून उभा राहिला. मी काकूंना हाक मारून बाज आडवी केली. तोवर काकू आईचा हात धरून फाटकातून आल्या. मी पुढं झाले आणि म्हणाले, "अगं, जिन्यात वळेना म्हणून जरा..."

"सकाळधरनं पाहून राह्यले मी," आई म्हणाली. "काकूनं खुर्ची आत फिरवली व्हती. पण दिसायचं ते दिसलंच."

मग ती त्या म्हातारीला नमस्कार करून घरात निघाली, सवयीनं सरळ आपल्या खोलीत. दोन पावलं टाकली आणि उजवा हात बाजूला केला, टेबलासाठी. तिथं काही नव्हतं. हात हवेत फिरला, पुन्हा फिरला. मी धावले, पण माझ्याआधी त्या परक्या म्हातारीनं तिला दंडाला धरलं आणि डबल बेडवर बसवलं. आईचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

दोघी शेजारी शेजारी बसल्या. त्या खोलीत आता कोण कोणाचं पाहुणं हे सांगता आलं नसतं. मला वाटलं, आता आई सगळं बोलणार. घर विकायचं न्हाई मला, असं म्हणणार. म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही. पण ती म्हणाली, "खोली चांगली हाय. सकाळचं ऊन येतं. न्हाणी बी जवळ." मग भिंतीकडं हात करून, "भिंतीला ओल न्हाई." तिनं आमचं घर आमच्यापेक्षा चांगलं विकलं. म्हातारीनं विचारलं, "मंग तुम्ही कुठं राहणार?" आई म्हणाली, "पोरं ठेवतील तिथं."

म्हातारीचा मुलगा दारात उभा राहून बायकोला म्हणत होता, "खोली मोठी हाय गं. फोटोत एवढी वाटली नव्हती." दलालानं माझ्याकडं बघून मान डोलावली. माझ्या कामाची पावती होती ती. आणि खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं.

ते गेल्यावर संध्याकाळच्या आत होकार आला. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, कमाल केलीस." मी फोन ठेवून खोलीत आले, चादरीच्या सुरकुत्या काढायला लागले. आई तशीच बसली होती, हातानं गादी चाचपत.

"हा पलंग कुठला आणला?"

"माझ्याकडचा."

"कोणत्या खोलीतला?"

"पोराच्या." माझा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे, दिवाळीला येतो तेवढाच.

"मंग ती खोली आता मोकळीच असंल."

मी उशीचा अभ्रा ओढत राहिले. "मोकळी म्हणजे... कपाटं आहेत, त्याची पुस्तकं आहेत."

"बाज बसंल की माझी तिथं," आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ बराबर आहे का विचारावं तसं. "मला जास्त जागा लागत न्हाई. तुझी न्हाणी किती लांब हाय खोलीपासून?"

न्हाणी खोलीला लागूनच आहे. चार पावलंही नाहीत. मी म्हणाले, "यांना विचारून सांगते."

"विचार," आई म्हणाली. "सावकाश विचार. गडबड न्हाई."

दुसऱ्या दिवशी टेम्पो पलंग घेऊन परत जालन्याला आला. आल्या आल्या मी माणसांकडून तो मुलाच्या खोलीत जोडून घेतला, चहासुद्धा न घेता. नवऱ्यानं विचारलं, एवढी घाई कसली? मी म्हणाले, पसारा आवडत नाही मला.

माझ्या बाजूनं बोलायचं तर बोलण्यासारखं आहे. सासूबाईंचं मी आठ वर्षं केलं. उठवणं, बसवणं, धुणंपुसणं, रात्री चार चार वेळा उठणं. त्या गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात एक खोली अशी होती, जिथून मला कोणी हाक मारत नव्हतं. ती मला सोडायची नव्हती. भावाला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या, त्याच्या बायकोला दिल्या, दलालाला दिल्या. त्या सगळ्या जिथं पोचायला हव्या होत्या तिथं मी त्या पोचू दिल्या नाहीत.

आई आता पुण्याला आहे. हॉलमध्ये झोपते, सोफा रात्री उघडून त्याचा पलंग होतो त्यावर. रविवारी भावाच्या फोनवरून बोलते. जेवलीस का, पाऊस आहे का, पोरगा कधी येणार, एवढंच विचारते. मी यांना विचारलं का, ते काय म्हणाले, हे तिनं आजवर एकदाही विचारलेलं नाही.

आणि यांनी मला विचारलं होतं. घराची नोंदणी व्हायच्या आठवड्यात, सकाळी, मी चहा करत असताना. "आईंचं काय ठरलं? पुण्यात करमायचं नाही त्यांना. इकडंच आणू या का? पोराची खोली आहेच."

मी चहा गाळत होते. वर न बघता म्हणाले, "नको. तिला पुण्यालाच जायचंय."