वेबसाइटवर आत्याचं घर

पालीत राजगडाच्या पायथ्याला माझी आत्या गडावर येणाऱ्यांना जेवण करून घालते. सुट्टीच्या दिवशी ती सकाळपासून रस्त्यावर उभी राहून गाड्या थांबवायची, "जेवाण सांगून जावा वो." मी भोरला एका कार्यालयात जुनी दप्तरं सांभाळतो. ओळखीच्या कुणी तिला असं पाहिलं की मला कसंतरी व्हायचं. परिसरातल्या घरगुती जेवणाची वेबसाइट करायला घेतली तेव्हा तिला म्हणालो, "उन्हात उभी राहू नकोस. लोक मोबाईलवर बघून येतील." तिनं लगेच ऐकलं.

वेबसाइटची मांडणी मी दप्तरासारखी केली: तालुका, मंडल, गाव, शेवटी आडनाव. मला ती फार देखणी वाटली होती.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी रविवारी गेलो. शेजारच्या अंगणात बुटांचा ढीग होता. आत्याच्या ओसरीवर चटया गुंडाळलेल्या.

"कुणी येत नाही?"

"न्हाई. तुला वाईट वाटंल म्हून बोलले न्हाई."

मोबाईलवर 'राजगड जेवण' लिहून शोधलं. वेबसाइट आलीच नाही. किल्ल्याचं नाव मी एकाही शीर्षकात घातलं नव्हतं. मग वेबसाइट उघडून एकेक पायरी दाबत तिचं घर दाखवलं.

"एवढ्या आत ठिवलंस?" ती म्हणाली. "त्यापरीस गड चढणं सोपं."

मला राहवलं नाही. "आत्या, उन्हाचं खोटं होतं. मला तुझी लाज वाटायची."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुज्यासंगं भोरची माणसं असली की तू मान फिरवायचास. च्या घे."

मी कप उचलला. मग विचारलं, "गाडीतून उतरल्यावर माणसं काय विचारतात?"

"आदी, गाडी कुठं लावू. मग बायका हळूच इचारत्यात, संडास हाय का. मग वाट. जेवणाचं गड उतरताना, पर तवा शिजंस्तवर धीर नसतो."

तिनं सांगितलं त्याच क्रमानं मी नवे विभाग केले. वर किल्ल्याचं नाव, खाली माणसं विचारतात ते प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. तालुका आणि मंडल काढून टाकलं. महिनाभरानं शोधल्यावर तिचं घर पहिल्या पानावर दिसू लागलं.

एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. मागं ताटांचा आवाज होता.

"सहा जण आल्यात. मोबाईल बघून. पिठलं कमी पडतंय, ठिवते."