सातवी ओळ

"वाचून दाखवा," असं म्हणून तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. समोरच्यानं वाचायला सुरुवात केली की त्याची मान किंचित डावीकडे कलायची. विजेचं बिल असो, एस.टी.चं वेळापत्रक असो, नाहीतर भजी बांधून दिलेल्या कागदावरची जुनी बातमी असो, त्याला सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं असे. कुणी मधलं गाळलं की लगेच म्हणायचा, "इथे उडी मारलीत." स्वतःला दिसत नाही याचं त्याला विशेष काही वाटत नसावं. डोळे असलेली माणसं आळशीपणानं वाचतात, याचा मात्र त्याला राग होता.

असा कोणी तुमच्याही माहितीत असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, अशा माणसाची दया करणं फार सोपं असतं आणि त्याच्याशी नीट वागणं फार कठीण. मला ते जमलं नाही. ते कसं, तेच सांगते आहे.

रत्नागिरीत माळनाक्याजवळ माझा डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं ही माझी कामं. मोबाइल फक्त कंत्राटदारांच्या कमरेला दिसायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका सकाळी तो आपल्या मोठ्या भावाबरोबर आला. भाऊ एका कचेरीत कारकून, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यानं ह्याचं कोपर असं धरलं होतं की जणू ह्याला पळून जायचं होतं.

"व्हिजिटिंग कार्ड करायचंय," भाऊ म्हणाला.

"मला करायचंय," तो म्हणाला.

तो मूळचा पूर्णगडचा. नवव्या वर्षी तापात डोळे गेले. मग अंधशाळा, मग मुंबईत दोन वर्षं मसाजचं रीतसर शिक्षण, आणि तिथेच चार वर्षं नोकरी. आता रत्नागिरीत भावाच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यानं स्वतःचं काम सुरू केलं होतं. मालिशवाला म्हटलेलं त्याला चालत नसे. "मालिश चौपाटीवर करतात. मी आधी दुखणं शोधतो."

त्यानं मजकूर तोंडपाठ करून आणला होता. सहा ओळी. नाव. मसाज थेरपिस्ट. मान, पाठ, कंबर, गुडघे. वेळ. पत्ता. फोन.

मी माझ्या सवयीनं विचारलं, "अंध असं कुठे टाकायचं?"

"कशाला?"

"लोकांना आधी कळलेलं बरं ना."

"आल्यावर कळेल की. त्यांना डोळे आहेत."

मी हसले. भाऊ हसला नाही.

"एखादं चित्र टाकू का? हात आहेत माझ्याकडे, कमळ आहे."

"हात कसे आहेत?"

मी पडद्यावर पाहिलं. "नाजूक आहेत. बाईचे."

"मग नको. लोक फसतील." त्यानं आपले हात पुढे केले. वल्ही मारणाऱ्या माणसाला शोभले असते असे रुंद पंजे होते.

मी त्याला दोन नमुने दिले, एक ऑफसेटचा, एक माझ्या स्क्रीनचा. ऑफसेटचा त्यानं लगेच परत केला. "हा कोरा कागद आहे." स्क्रीनच्या कार्डावर दाट शाई जराशी वर उठलेली असते. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "ह्यात ओळी लागतात हाताला. हेच करा. आणि वरचा उजवा कोपरा कापा."

"कापू?"

"म्हणजे मी कुणाला उलटं कार्ड देणार नाही."

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी कार्ड करायची ती फक्त दिसण्यासाठी.

जाताना दारात थांबला. "वहिनी, तुमचं स्टूल उंच आहे. उजव्या बाजूला वाकून बोलता तुम्ही. मान धरत असेल."

"धरते."

"खाली पाट घ्या पायाला. नाहीतर माझ्याकडे या. पाट स्वस्त पडेल."

मी पाट घेतला. मान सुधारली.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. एकदा एका लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली आणि वरपक्षानं माझ्या गाळ्यात येऊन जे काही ऐकवलं, तेव्हापासून प्रुफावर सही घेतल्याशिवाय मी एक कागद छापत नाही. ह्या नियमाचा मला अभिमान होता. प्रूफ पाहायला दुसऱ्या दिवशी भाऊ एकटाच आला. आंब्याचा मोसम होता, लेबलांसाठी चार बागायतदार बाकावर बसले होते, प्रत्येकाला आपली पेटी आधी मुंबईला पोचवायची होती. भावानं खिशातून एक चिठ्ठी काढली.

"शेवटी एवढी एक ओळ घाला."

मी वाचली. 'एका अंध बांधवास सहकार्य करा.'

"त्यांना विचारलंत?"

"त्याचं सगळं मीच बघतो ना. त्याला व्यवहार कळत नाही. नुसतं मसाज लिहून इथे कोण येणार आहे?"

बाकावरचा एक बागायतदार म्हणाला, "बरोबर आहे त्यांचां. असां लिवलां की चार लोक येतील बिचाऱ्याकडे."

मी ओळ घातली. भावानं सही केली. माझ्या नियमाप्रमाणे सगळं व्यवस्थित झालं.

तीन आठवड्यांनी तो एकटा आला, काठी टेकत. हातात एक पिशवी होती. पिशवी त्यानं माझ्या काउंटरवर ठेवली. "बघा काय आहे."

जुन्या पँटी होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, एकीची चेन तुटलेली.

"एक गृहस्थ देऊन गेले. मला वाटलं, पेशंट आहेत. मी म्हटलं, झोपा पालथे. ते म्हणाले, छे छे, मला काही झालेलं नाही, कार्ड वाचलं, म्हटलं द्यावं काहीतरी. त्याआधी एक बाई तांदूळ देऊन गेल्या. दुखणं घेऊन कोणीच येत नाही, वहिनी. रत्नागिरीत कुणाची कंबर दुखत नाही का?" त्यानं खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं, कापलेला कोपरा बरोबर वर. "वाचून दाखवा."

आता तुम्हाला खरं सांगते. मी सहा ओळी वाचल्या. नाव, मसाज थेरपिस्ट, मान, पाठ, कंबर, गुडघे, वेळ, पत्ता, फोन. आणि थांबले.

त्याचा अंगठा कार्डाच्या कडेनं वरून खाली आला. "सात आहेत."

मी पँटी पिशवीत परत भरायला लागले.

"मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, वेळ दोन ओळींत आली. तुम्ही वेळ एका दमात वाचलीत. सातवी वाचा."

मी वाचली.

मला वाटलं होतं, तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "सही कुणाची घेतलीत?"

"दादांची."

"कार्ड कुणाचं?"

मी म्हटलं, पुन्हा छापून देते, माझ्याकडून.

"ते छापालच. वाटली त्यांचं काय? दादानं दुकानादुकानात ठेवलीत. ती परत पाहिजेत."

मी शटर ओढलं आणि त्याला माझ्या स्कूटीवर मागे बसवलं. बायको, बहीण, आई यांतलं कुणीही नसलेल्या बाईच्या मागे हा कसा बसलाय, म्हणून लोक पाहत होते. पाहू देत. रामआळीपासून सुरुवात केली. किराणा, कापड, झेरॉक्स, दोन दवाखाने, एक देऊळ. सगळीकडे एकच संवाद. मी म्हणायची, कार्डात चूक झाली आहे, परत द्या. लोक कार्ड बघायचे, त्याच्याकडे बघायचे आणि माझ्याशी बोलायचे. "चूक कुठे आहे? चांगलं लिहिलंय की." तो शेजारी उभा आहे आणि त्याला ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. पाचव्या दुकानापर्यंत माझं डोकं फिरलं होतं. ह्या लोकांवर आणि स्वतःवरही, कारण तीन आठवड्यांपूर्वी मीही त्यांच्यासारखीच ती चिठ्ठी वाचून ओळ घातली होती.

एका औषधाच्या दुकानात कार्ड काउंटरच्या काचेखाली लावलेलं होतं. मालक वयस्क, कपाळाला गंध. म्हणाले, "नाही हो काढणार. आम्ही मुद्दाम लावलंय. पुण्याचं काम आहे."

तो पहिल्यांदाच बोलला. "काका, तुम्ही वरच्या फळीवरची बाटली काढताना स्टूल ओढता. मघाशी दोनदा ओढलंत. उजवा हात वर जात नाही ना?"

"वय झालं. दुखायचंच."

"किती दिवस?"

"झालं वर्षभर."

"वर्षभर दुखतंय आणि माझं कार्ड काचेखाली आहे. तुम्ही आला नाहीत."

काका हसले. खरोखर प्रेमानं हसले, तेच मला सहन झालं नाही. काउंटरवरचा बिस्किटांचा पुडा उचलून त्यांनी त्याच्या हातात ठेवला. "बस जरा. पाणी घेतोस?"

त्यानं पुडा चाचपला. मग काउंटरवर, जिथून उचलल्याचा आवाज आला होता बरोबर तिथेच, तो परत ठेवला आणि बाहेर पडला. मी काकांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काच उचलून कार्ड काढलं मात्र मी.

गाळ्यावर परत आलो तर भाऊ दारात उभा. कुणीतरी कचेरीत फोन करून सांगितलं असणार. गावात बातमी स्कूटीच्या आधी पोचते.

"तमाशा केलास ना सगळ्या गावात? माझं नाव आहे इथे."

"तुझं आहे. माझं कार्डावर पाहिजे होतं."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी? रिकामी खोली घेऊन बसला होतास. मला बघवत नव्हतं."

"तुला बघवत नव्हतं म्हणून मला न विचारता लिहिलंस?"

"लहानपणापासून सगळं वाचून दाखवलंय तुला. शाळेची पत्रं, आईची पत्रं. एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नाही."

तो हळू आवाजात म्हणाला, "आता ते मला कसं कळणार, दादा?"

भावाचा चेहरा मी पाहिला. त्याला काय लागलं ते त्यालाच कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्याची जराही कीव आली नाही. आता थोडी येते. थोडीच.

नवं प्रूफ मी मोठ्यानं वाचलं, स्वल्पविरामासकट. सही त्यानं केली. मी शाईचा पॅड पुढे सरकवला तेव्हा म्हणाला, "अंगठा बँकेत मागतात. मला सही येते." पट्टीच्या कडेवर पेन टेकवून त्यानं नाव लिहिलं. वेलांटी जरा लांब गेली, बाकी ठीक होतं. सहा ओळींची कार्डं घेऊन तो गेला.

पण रत्नागिरीनं त्याला एकदा बिचारा म्हणून वाचलं होतं. गावाला प्रूफ नसतं. पेशंट तुरळकच येत राहिले, तांदूळ मात्र येत राहिले. पावसाळ्यानंतर तो चिपळूणला निघून गेला. तिथे बाजारपेठेत एका जिन्याखालची खोली घेतली. मला फोन करून नवा पत्ता आणि नवा फोन नंबर सांगितला, मी छापलेलं फोनवरून वाचून दाखवलं आणि पार्सल एस.टी.नं पाठवलं. वर्षभरात त्यानं आणखी दोनदा कार्डं मागवली. ह्या धंद्यात कार्ड संपणं म्हणजे काय, ते मला कळतं. तो रत्नागिरीत परत आला नाही. सणालासुद्धा नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी भाऊ आला. खिशाला पेनं दोनच, पण शर्ट सैल झालेला. लेबल, पत्रिका काहीच करायचं नव्हतं. बाकावर न बसता उभाच राहिला.

"त्याचं नवं कार्ड तुम्ही करता, असं ऐकलं."

"करते."

"एक मिळेल? नंबर हवा होता. त्यानं मला दिलेला नाही." मग घाईनं म्हणाला, "आई विचारते."

कार्ड माझ्या खणात होतं. हात घातला असता तर लगेच मिळालं असतं. मी म्हटलं, "मालकाला विचारते."

त्याच्यासमोरच मी चिपळूणचा नंबर फिरवला. पाच-सहा घंट्यांनी उचलला गेला. मागे कुणीतरी दुखऱ्या जागेवर हात पडल्यासारखं कण्हत होतं. मी सांगितलं, दादा आलेत, कार्ड मागतायत, देऊ का?

तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "वहिनी, आत्ता टेबलावर पेशंट आहे. मग करतो." आणि ठेवून दिला.

"काय म्हणाला?" भावानं विचारलं.

"पेशंट आहे म्हणाला. मग करतो."

"पेशंट आहे?"

"हो."

तो बाकावर बसला. मी स्क्रीनवर शाई ओतून कामाला लागले. मधून मधून तो फोनकडे बघत होता, एकदा उठून त्यानं रिसीव्हर नीट बसलाय ना तेही पाहिलं. दीड वाजेपर्यंत फोन वाजला नाही. जेवायला जायचं म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हा तो उठला, वाकला आणि शटरखालून बाहेर पडला. कार्ड मी दिलं नाही.