आठवं आणि नववं प्रकरण

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसून पान उलटते. माझं शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. प्रत्येक गोष्टीला एक नंबर असतो, एक जागा असते, आणि सापडत नसेल तर ती कुणीतरी चुकीच्या कप्प्यात ठेवलेली असते, एवढाच माझा विश्वास. आजही तेवढाच आहे. फक्त ही एक गोष्ट कुठल्या कप्प्यात ठेवावी ते मला दोन वर्षं झाली तरी कळलेलं नाही... म्हणून लिहितेय.

सोलापुरात विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागात मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. जुळे सोलापूरमध्ये मावशीकडे राहायचे, स्कूटीवरून जा-ये करायचे. आमचा विभाग तसा लहान. दोन वर्गखोल्या, विभागप्रमुख मॅडमची केबिन, आणि व्हरांड्याच्या टोकाला एक अरुंद खोली. या खोलीत पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असायचे. ती रिकामी करून मॅडमनी तिथं रेकॉर्डिंगची सोय केली होती. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींवर सोलापुरी चादरी खिळ्यांनी ठोकलेल्या. एक टेबल, एक खुर्ची, डोक्यावर टक-टक वाजणारा पंखा, आणि हातात मावेल एवढा एक रेकॉर्डर. खोलीची किल्ली काशीनाथमामांकडे. मामा विभागाचे शिपाई, मूळचे मंगळवेढ्याकडचे.

ही सोय इराण्णासाठी होती. इराण्णा आमच्या मागच्या वर्गात. अक्कलकोट तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा, जन्मापासून दृष्टी नसलेला. मला ‘अक्का’ म्हणायचा. तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांची नोंद कशी करायची त्या विषयाच्या, आमच्या नोट्स छापील होत्या, त्याला ऐकता येतील अशा नव्हत्या. मॅडमनी वर्गात विचारलं, कोण वाचून देईल? मी हात वर केला.

का केला, ते आज प्रामाणिकपणे सांगते. प्रमाणपत्र मिळणार होतं आणि विभागाच्या वार्तापत्रात फोटो येणार होता. वार्तापत्र तयार करायचं काम माझ्याकडेच होतं. विभागात काय काय झालं त्या बातम्या लिहायच्या, फोटो लावायचे, चार पानं छपाईला द्यायची.

एकूण नऊ प्रकरणं होती. त्यातली सात मी तीन आठवड्यांत वाचली. वाचली म्हणजे उरकली. माझं वाचन फास्ट आहे, आणि तेव्हा तर मला त्याचा अभिमानच होता. तक्ता आला की गाळायचा. आकृती आली की, ‘आकृती क्रमांक तीन पहा’ असं जे छापलंय तेच वाचून पुढं जायचं. जन्मात काही न पाहिलेल्या मुलाला मी ‘पहा’ म्हणत होते आणि माझ्या ते लक्षातही येत नव्हतं. इराण्णानं कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाला, “अक्का, जरा हळू वाचता येईल का? मी फोनवर स्पीड कमी करतो, पण मग तुमचा आवाज म्हशीसारखा येतो की.” आम्ही दोघंही हसलो. मी हळू काही वाचलं नाही.

मग एका शुक्रवारी मॅडमनी विचारलं, “वार्तापत्र आज छपाईला जायला पाहिजे. पुढच्या आठवड्यात विभाग तपासायला कमिटी येतेय. रेकॉर्डिंग कुठवर आलं?”

मी म्हणाले, “झालंच आहे, मॅडम.”

आणि बातमीत लिहिलं, ‘दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी नऊच्या नऊ प्रकरणांचे ध्वनिमुद्रण पूर्ण.’ वर माझा फोटो, हेडफोन लावलेला. मनात हिशोब असा की आठवं आणि नववं सोमवार-मंगळवारी वाचून टाकू... कुणाला काय कळतंय?

रविवारी दुपारी भावाचा फोन आला. आमचं गाव माढ्याजवळ आहे. वडील शेतातून घरी येताना बांधावर पडले होते. उजवी बाजू हलत नव्हती, बोलता येत नव्हतं. त्यांना बार्शीला नेत होते. मी एसटीनं थेट बार्शी गाठली. पुढचे बारा दिवस मी त्या दवाखान्यातून बाहेर पडले ते फक्त समोरच्या मेडिकलमध्ये जायला. मॅडमना एक मेसेज केला, बस्स. नोट्स, वार्तापत्र, इराण्णा... काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं.

दहाव्या दिवशी वडिलांनी माझ्याकडं बघून माझं नाव घेतलं. तोंड वाकडं होतं, पण नाव नीट घेतलं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले, आणि त्या क्षणी मला आठवलं. इराण्णाचा तालिकीकरणाचा पेपर आदल्या दिवशीच झाला होता. दोन प्रकरणं त्याच्याकडं नव्हतीच. आणि छापून आलं होतं की आहेत.

फोन करायची हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी सोलापूरला परत आले, विभागात गेले. इराण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. माझ्या चपलांचा आवाज त्यानं ओळखला.

“अक्का! बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत. इराण्णा, ऐक ना... तुझा पेपर...”

“एकदम भारी गेला! आठव्या प्रकरणावरच मोठा प्रश्न होता. लेखनिक थकला, पण मी सांगायचा थांबलो नाही.” मग तो म्हणाला, “अक्का, पुस्तकाच्या नोंदीचं कार्ड कसं असतं ते तुम्ही सांगितलंत ना... मला पहिल्यांदा कळलं. एवढे दिवस नुसता शब्द ऐकत होतो.”

मला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी वाचून दिलं असणार. हायसंच वाटलं. मॅडमच्या केबिनमध्ये गेले. रेकॉर्डरवरच्या फायली कॉम्प्युटरवर घेऊन इराण्णाच्या फोनमध्ये टाकायचं काम मॅडम स्वतः करायच्या.

“मॅडम, शेवटची दोन प्रकरणं कुणी वाचली?”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “म्हणजे? तूच की. बुधवारी संध्याकाळी मी रेकॉर्डर उघडला, तर दोन्ही फायली होत्या. मला वाटलं, वडिलांना बरं वाटतंय म्हणून तू येऊन गेलीस. दमलीयस का? बस जरा.”

मी बसले. हेडफोन लावला.

आपला आवाज रेकॉर्डरवर कसा लागतो ते मला सात प्रकरणांनंतर पाठ झालं होतं. ‘ष’ म्हणताना माझी होणारी शिट्टी, वाक्याच्या शेवटी खाली पडणारा सूर... तो आवाज माझाच होता. मागं पंख्याची टक-टक होती. पण वाचन माझं नव्हतं. हळू होतं, एखाद्याच्या शेजारी बसून वाचावं तसं. आणि मग एका ठिकाणी तो आवाज थांबला आणि म्हणाला, “इथं आकृती आहे, इराण्णा. ‘पहा’ असं लिहिलंय, ते सोड. मी सांगते. तुझा तळहात आडवा धर. कार्ड साधारण तेवढंच असतं, पोस्टकार्डापेक्षा जरा लहान. खालच्या कडेला मधोमध एक भोक आहे, त्यातून सळई जाते, म्हणजे खणातून कार्ड निघून जात नाही. आता वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेव...”

असं कार्डाच्या ओळीओळीवरून त्याचं बोट फिरवत नेलं होतं. कुठली ओळ कडेला, कुठली आत सरकलेली, ती का सरकवतात. एकही तक्ता गाळलेला नव्हता. सात प्रकरणं मिळून मला जेवढा वेळ लागला होता, जवळजवळ तेवढा या दोनच प्रकरणांना लागला होता.

नवव्या प्रकरणाच्या मध्यावर दार करकरलं. काशीनाथमामांचा आवाज आला, “पोरी, चा आनू का?”

आणि माझा आवाज म्हणाला, “नको मामा, एवढं संपवते.”

मी हेडफोन काढून ठेवला. फायलीची तारीख बघितली.

फायलीवर बुधवार होता, वेळ सकाळी अकरा चाळीस. म्हणजे मी बार्शीला गेल्याचा चौथा दिवस. रेकॉर्डरचं घड्याळ मी तिथल्या तिथं तपासलं, बरोबर होतं. त्या बुधवारी, त्या सुमाराला वडिलांना तपासणीला आत नेत होते. संमतीच्या कागदावर माझी सही आहे आणि सहीखाली दवाखान्याच्या बाईनं टाकलेली वेळ आहे, अकरा पन्नास. भाऊ शेजारी उभा होता. बार्शीहून सोलापूर दीड-दोन तासांच्या अंतरावर.

मामा खाली नळावर बाटल्या भरत होते. मी उगाच काही सुचवायचं नाही असं ठरवून विचारलं, “मामा, मी नव्हते तेव्हा त्या खोलीत कोण बसलं होतं का?”

“तूच की,” मामा म्हणाले. “बुधवारी. मी चा इचाराय आल्तो, तू नको म्हनलीस.”

“मला बघितलंत? नीट?”

“पाठमोरी हुतीस की. मान खाली घालून वाचत हुतीस.” मामांनी बाटलीचं झाकण लावलं. “मला वाटलं, बाप दवाखान्यात आन् पोरगी हितं येऊन वाचतीया... लई वाईट वाटलं बग. म्हनून परत न्हाय आलो मदी मदी.”

“खोली कुणी उघडली?”

इथं मात्र मामा विचारात पडले. “किल्ली तर माज्याकडंच हुती... मीच उगडली आसंल. आता ध्यानात न्हाय.”

मी माझ्या परीनं सगळं करून बघितलं. कॉम्प्युटर विभागातल्या एका मैत्रिणीला फायली ऐकवल्या. ती म्हणाली, आजकाल मशीनकडून कुणाचाही आवाज काढता येतो. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण मग मामांना उत्तर कुणी दिलं? मशीन खुर्चीत पाठमोरं बसलं होतं का? वर्गातल्या मुली, मावशी, सगळ्यांना विचारलं. कुणी माझी नक्कल केली असती तर आनंदानं कबूल केलं असतं, चांगलंच तर काम होतं ते.

एक गोष्ट अजून सांगते. नववं प्रकरण संपल्यावर तो आवाज फक्त “झालं” म्हणतो. मग मिनिटभर काहीच नाही, फक्त पंखा. मी ते मिनिट कितीतरी वेळा कान देऊन ऐकलंय. खुर्ची सरकत नाही. पावलं वाजत नाहीत. दार उघडत नाही. मग बटण दाबल्याचा बारीक आवाज येतो आणि फाइल संपते.

मॅडमना मी सगळं सांगितलं, वार्तापत्रात खोटं लिहिलं होतं तेही. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “खोटं छापलंस ते चुकलंच. पुढच्या अंकात काय दुरुस्ती छापायची, ते मात्र मला सुचत नाहीये.” दुरुस्ती काही छापली गेली नाही.

त्या उन्हाळ्यात, पुढं येणाऱ्या कुणाला लागतील म्हणून, मी पहिली सात प्रकरणं पुन्हा वाचली. रोज सकाळी, मामा किल्ली घेऊन आले की. ‘पहा’ कुठंच म्हटलं नाही. एकेका आकृतीला कधी अर्धा तास लागायचा, कारण आधी ती मला स्वतःला नीट बघायला लागायची. खरं सांगायचं तर तालिकीकरण मला तेव्हा कळलं. आता मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वडील काठी घेऊन चालतात, बोलणंही बरंच सुधारलंय.

इराण्णाला खरं सांगायला मात्र मला निकालापर्यंत धीर झाला नाही. निकाल लागला त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर मी त्याला सगळं सांगितलं. बार्शी, सही, मामा, सगळं. म्हटलं, “इराण्णा, ती दोन प्रकरणं मी वाचलेली नाहीत. तुझे आभार माझे नाहीत.”

तो पेढ्याचा बॉक्स मांडीवर धरून ऐकत होता. म्हणाला, “अक्का, माणूस ओळखायला माझ्याकडं आवाजच आहे. त्यात मी चुकत नाही. तुम्हीच होता.”

“अरे, मी दवाखान्यात होते.”

“असाल. पण तुम्हीच होता.” आणि म्हणाला, “फक्त त्या दिवशी तुम्हाला घाई नव्हती.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला ते दिसलं नाही, पण कळलं असावं. कारण त्यानं बॉक्समधला एक पेढा काढून कागदात गुंडाळला आणि चाचपडत माझ्या हातात ठेवला.

“हा वेगळा. त्या दिवशीची ती भेटली तर द्या, आणि मी पास झालो म्हणून सांगा.”

पेढा दोन दिवस वाट बघून मीच खाल्ला. निरोप अजून माझ्याकडंच आहे. तो कुणाला द्यायचा, मला माहीत नाही.