मी लिहिलेला पंचनामा

वकिलीच्या शिक्षणाचं दुसरं वर्ष चालू असताना मी एका माणसाच्या मरणाचा पंचनामा लिहिला. त्याला मी दादा म्हणायचो. नात्यानं तो माझा कुणी नव्हता, शेजारी होता. पण गावातल्या निम्म्या पोरांना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलं होतं. मलाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं लिहिताना मला स्वतःला सवलत देता येणार नाही.

आमचं गाव नेसरीच्या अलीकडं. घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कोल्हापूरला राजारामपुरीत मी तिघांबरोबर एका खोलीत राहायचो आणि कॉलेजात सगळ्यात मागच्या बाकावर बसायचो. पुस्तकं इंग्रजीत. अर्धं समजायचं नाही, म्हणून मी पाठ करायचो. पाठ झालं की समजल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी आम्हाला न्यायवैद्यक हा विषय होता. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर शवविच्छेदनं केलेले एक निवृत्त सर्जन शनिवारी शिकवायला यायचे. पहिल्याच तासाला ते म्हणाले होते, "या विद्येत डॉक्टर फार उशिरा आला. त्याच्या आधी गावात कुणी अवचित मेलं की चार-पाच जाणती माणसं बोलवायचे आणि प्रेत दाखवायचे. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याला दिसावं म्हणून. पंच म्हणजे बघणारा. सही करणारा नव्हे." हेही मी वहीत उतरवून घेतलं आणि पाठ केलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. सकाळी दहाच्या सुमाराला पोलीस पाटील आमच्या दारात आले आणि वडिलांना म्हणाले, "पोराला धाडून दे मळ्यात. हवालदार आल्यात. लिवणारं माणूस पायजे."

दादा मळ्याच्या मालकाकडं सालानं कामाला होता. सकाळी वीज आली की विहिरीत उतरून मोटर चालू करायची, हे त्याचं पहिलं काम. विहिरीत निम्म्या पायऱ्या उतरल्यावर एक दगडी कट्टा होता, त्यावर मोटर आणि लोखंडी पेटीतला स्टार्टर. त्या सकाळी तो गेला आणि तासाभरानं पाण्यात सापडला. मी पोचलो तेव्हा त्याला वर काढून बांधावर निजवलं होतं. अंगावर धोतर टाकलेलं. त्याची बायको, जिला मी वैनी म्हणायचो, ती डोक्याशी बसली होती.

हवालदार सायकलवरून आले होते, घामाघूम. माझ्या हातात कागद देत म्हणाले, "या वकील. आमचं अक्षर आमच्या सायबास्नी लागत न्हाय. तुमीच लिवा."

तोवर मला कुणी वकील म्हटलेलं नव्हतं. माणसं गोल करून उभी होती. त्यात माझे वडीलही होते, आणि शेजारच्याला हळूच सांगत होते, "आमचं पोरगं लिवतंय."

हवालदारांनी धोतर बाजूला केलं. मी बघितलं, पण बघितलं म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. ओळखीच्या माणसाचा चेहरा तसा बघवत नव्हता. नजर टाकली आणि पुन्हा कागदाकडं वळलो. कागदावर मला भीती वाटत नव्हती. बुडून आलेल्या मृत्यूचं प्रकरण मला तोंडपाठ होतं. मी लिहीत गेलो. नाका-तोंडाशी पांढरा बारीक फेस. तळहात व तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले. नखांत शेवाळ. हवालदार मान हलवत होते. "आमच्या सायबाला पण असं येत न्हाय," ते पोलीस पाटलांना म्हणाले.

मधे त्यांनी दादाचा उजवा हात उचलून फिरवला. पहिल्या बोटाच्या पेरावर एक लहान गोल खूण होती. पांढुरकी, मधे खोलगट, कडा उचललेल्या. मला वाटलं, कामाचा घट्टा असेल. पुस्तकात नव्हता, म्हणून लिहिला नाही.

तेवढ्यात वैनी बोलली. रडत नव्हती. "आवो, त्यास्नी पवाय येत हुतं. पवणारं माणूस बुडतंय कसं?"

हवालदार माझ्याकडं बघायला लागले. उत्तर मला येत होतं. मी म्हणालो, "वैनी, पोहणारेसुद्धा बुडतात. एकदा फुप्फुसात पाणी गेलं की काही चालत नाही." शुद्ध भाषेत म्हणालो. गावात मी एरवी तसं बोलत नव्हतो.

तिनं धोतर पुन्हा त्याच्या अंगावर ओढलं.

कुणाला संशय नाही, पंचांच्या मते मृत्यू बुडून, असं लिहून झालं आणि भोवती उभ्या असलेल्यांतल्या चौघा-पाचांनी पंच म्हणून सह्या केल्या. चिरफाड नको असं घरच्यांचंही म्हणणं होतं. तालुक्याला न्यायचं म्हणजे दिवस मोडणार. कारण स्पष्ट असल्यावर गरज नाही म्हणून हवालदारांनीही प्रेत ताब्यात दिलं. दुपारी दोनला दहन झालं. पंचनाम्याची एक नक्कल मी माझ्यासाठी उतरवून ठेवली होती. सरांना दाखवायला.

सुट्टी संपल्यावर पहिल्या शनिवारी तास झाल्यावर मी ती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी उभ्यानंच वाचली. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचली.

"किती वेळ पाण्यात होता?"

"तासभर, सर."

"तासाभरात तळपाय असे होतात?"

त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"फेस तू पाहिलास?"

"पाहिला असेल, सर."

"हे मी जूनमध्ये सांगितलेलं आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझंच वाक्य आहे. यात तो माणूस कुठंय?"

नक्कल त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं, पुस्तकात नसलेलं काही दिसलं का. मला आठवलं ते बोटाचं. खूण कशी होती ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. विहिरीवर मोटर होती का, चालू करणारा कोण, स्टार्टर लोखंडी का, हात ओले असणार का, एवढं विचारून घेतलं. मग माझंच पुस्तक माझ्याकडून घेऊन पानं उलटली आणि समोर ठेवलं. बुडण्याच्या प्रकरणानंतर चार प्रकरणं सोडून विजेच्या धक्क्याचं प्रकरण होतं. तिथवर मी पोचलो नव्हतो. खूण तिथं जशीच्या तशी लिहिलेली होती.

"नक्की सांगता येणार नाही," सर म्हणाले. "सांगता आलं असतं, प्रेत माझ्यासारख्याकडं आलं असतं तर. तुझ्या कागदामुळं ते आलं नाही. आता एवढंच कर. काय पाहिलं आणि काय न पाहता लिहिलं, ते दोन्ही लिहून पोलिसांत दे."

त्यांनी मला समोर बसवून अर्ज लिहून घेतला. एका पानाचा.

रविवारच्या एस.टी.नं मी गावी गेलो आणि थेट वैनीच्या घरी. ती चुलीपुढं होती. मी विचारलं, मोटरीवर आता कोण जातं. "धाकटं दीर जात्यात की," ती म्हणाली. तसाच उठून मळ्यात गेलो. मालक बांधावर उभे होते. चहा घेऊनच जा म्हणून आग्रह झाला. मी चाचरत म्हणालो, स्टार्टरला करंट उतरतोय असं मला वाटतं.

मालक म्हणाले, "तुमीच लिवलाय की, बुडून मेला म्हणून."

"व्हय. पण पेटी बदला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवी पेटी बसली. कशासाठी, हे मालकांनी कुणाला सांगितलं नाही.

पेटी बसल्याचं समजल्यावर मी पुन्हा वैनीकडं गेलो. तिनं आधीच विचारलं, "भावजी, एक सांगा. तुमी त्या कागदात दारूचं लिवलंय काय? समदी म्हणत्यात, प्याला हुता म्हणूनच पवणारा माणूस बुडला. माझ्या सासूलाबी तसंच वाटतंय."

दादा पीत नव्हता. ते मला माहीत होतं, तिला माहीत होतं. पण पोहणारा माणूस बुडाला असं सरकारी कागदावर आल्यावर लोकांना काहीतरी कारण लागत होतं, आणि ते त्यांनी शोधलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. बोटावरची खूण, पुस्तक, न बघता लिहिलेला फेस. अर्ज काढून वाचूनही दाखवला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग द्या की नेऊन. वाचून कुणाला दावताय?"

मी दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. आतल्या खोलीतून मूळ पंचनामा आणून टेबलावर ठेवला. "हे कुणाचं अक्षर, पावणं?"

"माझं."

"आणि ह्ये अर्जाचं?"

"माझंच."

"मग आता काय म्हणायचं म्हणता? त्या दिवशी खोटं लिवलं? घेतो की अर्ज, मला काय. पर खोटा पंचनामा लिवणाऱ्याला उद्या सनद कोण देतंय ते बघा. वडलांनी पोटाला चिमटा काढून शिकीवलंय तुमास्नी." त्यांनी हे धमकावून सांगितलं नाही. चांगलं व्हावं म्हणूनच सांगितलं असावं. मी अर्ज खिशात घातला आणि बाहेर आलो. स्टँडवर बसून मी स्वतःला समजावलं की पेटी तर बदलली, दीर सुरक्षित आहे, अर्जानं दादा परत येणार नाही. एस.टी. येईपर्यंत मला ते पटलं होतं.

संध्याकाळी वैनी दारातच उभी होती. "अर्ज दिलासा काय?"

मी म्हणालो, "दिला."

त्यानंतर गावात तिचं एकच सांगणं होतं. सरकारात कागद हाय, वकिलानं सोता लिवून दिलाय, त्येंचा इजेचा शाक लागून जीव गेला. आणि लोकांनी ते हळूहळू मानलं. कागद म्हटल्यावर कोण काय बोलणार. तिच्या सासूनंही मानलं. सुगीला तिच्याकडून आमच्या घरी शेंगा यायला लागल्या. आई त्या भाजून माझ्यापुढं ठेवायची, आणि मी त्या शेजारच्या पोरांना वाटून टाकायचो.

सनद मिळाल्यावर मी कोल्हापुरात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एके दिवशी वैनी कोर्टाच्या आवारात मला शोधत आली. "सकाळच्या यस्टीनं आलोय," ती म्हणाली. थोरल्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. स्थळ जयसिंगपूरकडचं. पण मुलीचा बाप दारू पिऊन मेला असं कुणीतरी पाव्हण्यांच्या कानावर घातलं होतं. "त्या कागदाची नक्कल काढून द्या, भावजी. त्यास्नी दावतो."

आवारात गर्दी होती. मी तिला झाडाखाली नेलं. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी म्हणालो, "वैनी, जुनी कागदं पोलीस जाळून टाकतात. नक्कल मिळायची न्हाय."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मग तुमी चला. तुमी सांगा."

मी गेलो. वैनीच्या घरी बाहेरच्या सोप्यात पाव्हणे सतरंजीवर बसले होते. त्यातल्या वयस्कर माणसानं मला एकच विचारलं, "वकीलसाहेब, कागदाचं ऱ्हाऊ द्या. तुमी सोता बघितलं व्हतं काय?"

मी माझ्या उजव्या हाताचं बोट दाखवून खूण सांगितली. कुठल्या पेरावर, केवढी, मधे खोलगट कशी, कडा कशा. तो दारू पीत नव्हता, हेही सांगितलं. इतकी वर्षं झाली तरी काही विसरलो नव्हतो. त्या माणसानं मान डोलावली आणि मुलीला बोलवा म्हणाला.

लग्न गावातच झालं. अर्ज दिलाच नव्हता हे मी वैनीला तोवर सांगितलं नव्हतं आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. तिनं मला मांडवातून ओढून फेटे बांधणाऱ्यापुढं बसवलं. त्यानं विचारलं, हे मुलीचे कोण. ती म्हणाली, "बापाच्या जागी हाईत."

मी खाली बघत होतो. फेटेवाला माझी हनुवटी दोन बोटांनी वर करत म्हणाला, "मान ताठ ठेवा की पावणं. सुटंल सगळं."