मुंबईचा स्टुडिओ नाही, टॉवेलचा कारखाना

मित्रमैत्रिणींनो, राग अजून गेलेला नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

मी जिथे अ‍ॅनिमेशन शिकले, त्या संस्थेत आज नव्या मुलांच्या पालकांची बैठक होती. तिथे मी दर रविवारी शिकवते, म्हणून मलाही बोलावलं होतं. संस्था चालवणाऱ्या सरांनी माझी ओळख करून दिली, "ही आपलीच विद्यार्थिनी. मुंबईच्या स्टुडिओत असते!"

मी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात असते. चालू यंत्रमागात हात घातला तर काय होतं, हे नव्या कामगारांना दाखवणाऱ्या छोट्या फिल्म बनवते.

माढ्याहून लेकीला घेऊन आलेल्या एका आईने विचारलं, "मॅडम, पोरीला हितं काम मिळंल का न्हाय? खरं सांगा की."

मी माइक घेतला आणि खरं सांगितलं. माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी एक जण लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, एक जण घरी बसून गेमची पात्रं काढतो, काहींनी हे क्षेत्रच सोडलं. आणि मी टॉवेलच्या कारखान्यात आहे.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "टॉवेलचं कशाला काढलंस गं? पालक पळतील की! तुझ्या रविवारच्या वर्गाचं आता बघू."

बघा सर, खुशाल बघा. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, फीचे पैसे कसे जमवावे लागतात ते मला माहीत आहे. माझ्याबद्दल खोटं सांगून त्या आईकडून फी घेऊ देणार नाही.

अ‍ॅनिमेशन शिकलेल्यांनो, तुम्ही आज नेमकं काय काम करता? खाली लिहा, सोडलं असेल तर तेही लिहा. त्या मायलेकींना मी तुमची उत्तरं वाचून दाखवणार आहे.