खोडलेलंही दिसतं

मुलांनी मिळून ऑनलाइन लिहिलेला प्रोजेक्ट हाती आला, की जगदाळे मॅडम तो वाचायच्याच नाहीत. आधी बदलांची हिस्ट्री उघडायच्या. कोण कधी आत आलं, कोणी काय लिहिलं, कोणी काय खोडलं. सराफ्यातला सोनार जुनी नथ तपासतो तशी, चष्मा नाकावर ओढून, एकेक नोंद.

ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी हिंदी. आमच्या प्राचार्यांना कुठल्याशा प्रशिक्षणात 'सहयोगी अध्ययना'ची बाधा झाली होती. चार मुलं, इंटरनेटवरचा एकच कागद, सगळ्यांनी एकदम लिहायचं. बंधुभाव आपोआप उतू जाणार! प्रत्यक्षात एक जण लिहायचा आणि उरलेले त्याच कागदावर 'मॅच देखा क्या?' विचारत बसायचे. एका पठ्ठ्याचं वर्षभराचं योगदान म्हणजे शीर्षक जांभळं करणं. आम्ही मास्तरमंडळी मुखपृष्ठ पाहून दहापैकी नऊ देत होतो.

"मॅडम, सबने मिलके किया है," मुलं सांगायची.

"सब? माझ्या हजेरीपटात या नावाचं कोणी नाही."

त्या वर्षी नववीचा, शहरातल्या जुन्या बावड्यांवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवरचा, प्रोजेक्ट भोपाळच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. गट चौघांचा, पण जाणार एकच. प्राचार्यांनी संचालकांच्या नातवासाठी, आर्यनसाठी, ब्लेझर शिवायलाही टाकला. पालकसभेच्या दिवशी पहिल्या पानावर नावं मात्र तीनच होती. चौथी वंदना राठौर, बिर्लानगरची, पडाव भागात टेम्पो चालवणाऱ्याची मुलगी, कुठेच नव्हती.

पालकसभेत प्राचार्यांनी प्रोजेक्ट मोठ्या पडद्यावर लावला आणि मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. प्राचार्यांची नोकरीतली सगळ्यात मोठी चूक! मॅडमनी माऊस हातात घेतला आणि हिस्ट्री उघडली. एकवीस बावड्या, त्यांच्या पायऱ्या, मापं, पाण्याचा रंग. ओळीमागून ओळ वंदनाची. आर्यनच्या नावावर एकच नोंद होती. त्याच सकाळी सात चाळीसला त्यानं पहिल्या पानावरून 'वंदना राठौर' काढलं होतं.

"बेटा आर्यन," मॅडम साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "इथे खोडलेलंही दिसतं हं. आजोबांनाही दाखव."

आजोबा पहिल्याच रांगेत होते.

वंदना भोपाळला गेली. मॅडमना पहिलीच्या वर्गावर फळं रंगवून घ्यायला पाठवलं. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. तोवर स्टाफरूममध्ये आम्ही सगळे चहात बिस्किटं बुडवण्यात इतके मग्न होतो, की मान वर करायला सवड झाली नाही.

निरोपाचं मानपत्रही अर्थातच ऑनलाइन, सबने मिलके. निम्म्या ओळी आधी निवृत्त झालेल्या पी.टी. सरांच्या मानपत्रातून उचललेल्या. त्यामुळे मॅडमच्या 'कबड्डीतील अमूल्य योगदाना'चाही गौरव झाला. मॅडमनी तो हसून स्वीकारला.

फाटकाशी त्यांनी मला गाठलं.

"मास्तर, तुमची हिस्ट्री पाहिली मी."

मी उगाच फाटकाची कडी चाळवू लागलो.

"सोमवारी तुम्ही लिहिलंत, 'जगदाळे मॅडमवर अन्याय झाला आणि आम्ही गप्प बसलो.' चार मिनिटांनी खोडलंत. मग लिहिलंत, 'उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.'"

"ताई, ते जरा..."

"रहने दो. चार मिनिटं तरी शूर होतात. बाकीच्यांचं तेवढंही निघालं नाही." आणि स्कूटरला किक मारून त्या गेल्या.

जगदाळे मॅडमवर अन्याय झाला आणि आम्ही गप्प बसलो. ते वाक्य आज इथे पुन्हा लिहिलं आहे. चार मिनिटं केव्हाच उलटून गेली. अजून खोडलेलं नाही.