बाबांची नवी गोळी

बाबा सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर आमच्याकडे, दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले. क्वार्टर माझ्या नोकरीमुळे मिळालेलं. त्यांना ब्लडप्रेशर होतं. त्यासाठी अकरा वर्षं ते सकाळच्या चहाबरोबर एक गोळी घेत. याखेरीज प्रकृतीची कुरकुर त्यांनी कधी केली नाही.

मराठी मंडळाची बस जानेवारीत पानिपतला जायची. बाबा दरवर्षी खिडकीची जागा धरून बसत. त्या वर्षी म्हणाले, "हरलेल्या लढाईचं मैदान किती वेळा बघायचं?" मी हसले. मग ते मंडळाच्या नाटकालाही आले नाहीत. जेवताना त्यांचं पाण्याचं भांडं भरलेलंच राहायला लागलं.

नवऱ्याच्या ते आधी लक्षात आलं. "अगं, कुठेही गेलो की ते पहिल्यांदा बाथरूम कुठे आहे ते बघतात. गेले की दहा मिनिटं बाहेर येत नाहीत. तू मुलगी, तुला कसं सांगतील?"

"मग तू विचार ना."

त्याने विचारलं. "सगळं ठीक आहे," म्हणून बाबांनी पेपर वर धरला.

आठवड्याने त्यांनी माझ्या हातात एक चिकटवलेलं पाकीट ठेवलं. "डिस्पेन्सरीत जाऊ या. तू आत जाऊन डॉक्टरांना हे दे. मी बाहेर बसतो."

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टर पंजाबी बाई होत्या. त्यांनी पाकीट फोडलं आणि वाचता वाचता त्यांच्या ओठांवर हसू आलं. आत इंग्रजीत सरकारी टिपण होतं. वर विषय, खाली क्रमांक घालून मुद्दे: धार बारीक, वारंवार जावं लागतं, पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. शेवटी, योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर. त्यांनी बाबांना आत बोलावलं. "अंकलजी, इस उम्र में आधे मोहल्ले को यही तकलीफ़ है." बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

डॉक्टरबाईंनी मोठ्या हॉस्पिटलात सर्जनकडे पाठवलं. तिथे मी बाहेर थांबले. अर्ध्या तासाने बाबा चिठ्ठी घेऊन आले. "प्रोस्टेट वाढलंय. एक गोळी दिलीय," एवढंच म्हणाले. मी चिठ्ठी बघितली, गोळ्या आणल्या, झालं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सात वाजता बाबांनी चहाबरोबर दोन्ही गोळ्या घेतल्या आणि दहाच्या सुमारास मेथी आणायला मार्केटमध्ये गेले. जुडी निवडायला उकिडवे बसले. उठून उभे राहिले आणि तिथेच कोसळले. शेजारी एक माणूस स्वेटरांचे गठ्ठे सोडत होता. त्याने त्यांना त्या स्वेटरांवर आडवं केलं, पाय उचलून धरले, शुद्धीवर आल्यावर पत्ता विचारला आणि रिक्षातून घरी आणून सोडलं. "बहनजी, घबराना नहीं. बस चक्कर आया था." मेथीची पिशवीसुद्धा त्याने आणली होती.

मी बाबांना तसंच डिस्पेन्सरीत नेलं. डॉक्टरबाईंनी आधी झोपवून आणि मग उभं करून प्रेशर मोजलं. उभं केल्यावर ते एकदम उतरलं होतं.

"ये नई गोली के अलावा और क्या लेते हैं?"

"कुछ नहीं," बाबा म्हणाले.

"बाबा, बीपीची गोळी?"

"ती काय औषध? ती रोजचीच आहे."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. नव्या गोळीने लघवीची वाट सैल होते, पण तिने रक्तवाहिन्याही सैलावतात आणि प्रेशर उतरतं, हे त्यांनी आम्हाला समजावलं. जुनी गोळी त्यात मिळाली, म्हणून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी सर्जनना फोन लावला. जुनी गोळी निम्मी झाली, नवी अगदी थोड्या ताकदीची, तीही झोपताना. अंथरुणावरून उठताना आधी मिनिटभर बसायचं. आणि यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या.

परत येताना रिक्षात मला राग आवरला नाही.

"सर्जननी विचारलं नव्हतं, दुसरं काही घेता का?"

"विचारलं होतं."

"मग?"

ते हळू आवाजात म्हणाले, "कपडे उतरवून उभा होतो गं तिथे. लवकर सुटावं, एवढंच वाटत होतं."

मीही चिठ्ठी वाचली होती, गोळ्या आणल्या होत्या. दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारावं, हे मलाही सुचलं नव्हतं. रिक्षावाल्याला मी मार्केटच्या बाजूने न जाता मागच्या रस्त्याने घ्यायला सांगितलं. सकाळी बाबा पडले तेव्हा तिथे बरीच गर्दी जमली होती, असं तो स्वेटरवाला म्हणाला होता.

तीनेक आठवड्यांत फरक पडला. जेवताना बाबा दोन भांडी पाणी प्यायला लागले. उठताना पलंगाच्या कडेवर बसून साठपर्यंत आकडे मोजत, तेही मोठ्याने.

गोळीवर चार वर्षं निभावलं. मग एकदा मी पोळ्या लाटत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उद्या रजा टाक. सकाळपासून लघवी अडतेय."

मी गॅस बंद केला. उद्याची वाट न बघता आम्ही लगेच हॉस्पिटलात निघालो. त्याच आठवड्यात प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि ते व्यवस्थित बरे झाले.